सायकलवरून पडलेल्या मुलाला आधी थांबायला शिकवावे

गुडघ्यावरची खपली आठ-दहा दिवसांत निघते आणि हाताचे प्लॅस्टर काही आठवड्यांत उतरते. परंतु त्यानंतरही मूल पार्किंगमधल्या सायकलीकडे न पाहता पुढे जाऊ लागले, ‘आज पाय दुखतोय’, ‘आज हवा कमी आहे’ अशी कारणे सांगू लागले, की पालकांचे खरे काम सुरू होते. पुण्यातील बहुतेक घरांत यावर दोन मते तयार असतात. तासावर भाड्याने आणलेल्या मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारत ज्यांनी सायकल शिकली, ते आजोबा म्हणतात, ‘पडल्याशिवाय सायकल येते का? बस पुन्हा.’ आणि रोज कर्वे रस्त्यावरून दुचाकीने ऑफिसला जाणारे आईवडील म्हणतात, ‘ही रहदारी पाहता सायकल नकोच.’ दोन्ही मते प्रेमापोटीच येतात, पण मुलाला नेमकी कशाची भीती वाटते हे त्यांपैकी कोणीही विचारलेले नसते.

माझी मुलगी साडेआठ वर्षांची असताना कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या तळघरात उतरणाऱ्या रॅम्पवर पडली. वेग वाढला तसा तिने घाबरून फक्त पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली. मनगटाचे हाड मोडले, प्लॅस्टर झाले, निघालेही. सायकल मात्र जवळजवळ तीन महिने जागची हलली नाही. एका रात्री झोपताना ती म्हणाली, ‘आई, मी ब्रेक दाबला होता गं, तरीपण पडले.’ या एका वाक्यात सगळे होते. तिला सायकलीची भीती नव्हती. थांबण्याचा जो एकमेव उपाय तिला ठाऊक होता, त्यानेच तिला पाडले होते. पुढे जे लिहिले आहे ते याच क्रमाने जाते: मुलाला आपल्या हाताने सायकल थांबवता येते हे पटले, की चालवण्याचे धैर्य बरेचसे आपोआप येते.

पहिले दोन दिवस

अपघातानंतर मूल उठून उभे राहिले आणि रडायचे थांबले, की सगळे ठीक आहे असे गृहीत धरले जाते. डोक्याला मार लागला असेल तर पुढचे २४ ते ४८ तास लक्ष ठेवणे आवश्यक असते. बेशुद्ध पडणे, वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, नेहमीपेक्षा वेगळी गुंगी, झटके, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त येणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपाय न करता थेट रुग्णालयात जावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पडल्यावर मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर मुलाला उचलून बसवण्याची घाई करू नये.

सायकलीच्या अपघातात एक दुखापत हमखास नजरेतून सुटते. पडताना हँडलचे टोक पोटात घुसले, तर बाहेर एखादा छोटा गोल वळ दिसतो. आत मात्र प्लीहा, यकृत, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते आणि तिची लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही उमटतात. म्हणून मुलाचा शर्ट वर करून पोट नीट पाहावे, आणि पोटदुखी, उलट्या, पोट कडक होणे, चेहरा पांढराफटक पडणे असे काही दिसल्यास डॉक्टरांना ‘हँडल पोटाला लागले आहे’ हे आपणहून सांगावे. ‘फक्त खरचटले आहे’ असे सांगितले, तर तपासणीही खरचटण्याचीच होते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन खडी-माती काढावी. हळद, टूथपेस्ट, कॉफी पावडर काहीही भरू नये. धनुर्वाताची लस कधी झाली हे लसीकरण कार्डावर पाहावे. राष्ट्रीय वेळापत्रकात १० आणि १६ व्या वर्षी टीडीची (धनुर्वात आणि घटसर्प यांवरची) लस असते आणि तीच बऱ्याचदा राहून जाते. कायमचा दात पडला असेल तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचलून थंड दुधात ठेवावा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. मनगट किंवा कोपर सुजले आणि मूल हात वापरेनासे झाले तर एक्स-रे टाळू नये, कारण वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढणाऱ्या कूर्चेला इजा झाली तर ती वेळेत कळणे महत्त्वाचे असते. रस्त्यावर एखाद्या मोटार वाहनाने धडक दिली असेल, तर २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात. दाखल करतानाच याची चौकशी करावी.

डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसल्याचे निदान झाले असेल, तर सगळी लक्षणे जाऊन डॉक्टर परवानगी देईपर्यंत सायकल बंदच ठेवावी. पुढच्या कोणत्याही पायरीला तोवर हात लावू नये.

भेटीला येणारी माणसे आणि कॅमेऱ्यातले चित्रण

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याची पद्धत चांगलीच आहे, पण प्रत्येक काका-मावशीसमोर मुलाला ‘कसा पडलास, सांग बरं’ असे म्हणत तोच प्रसंग पुन्हा उभा करायला लावणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. हे सांगणे पालकांनी स्वतःकडे घ्यावे. सोसायटीच्या कॅमेऱ्यातले अपघाताचे चित्रण तर मुलाला दाखवूच नये आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरवू देऊ नये. मी ते तिला दाखवले होते. ‘बघ, तुझी चूक नव्हती’ हे सिद्ध करायचे होते. तिच्या मनात मात्र तोवर धूसर असलेला क्षण त्यामुळे पक्का कोरला गेला.

मुलाला बोलायचे असेल तेव्हा पूर्ण ऐकावे, आणि बोलायचे नसेल तर कागद-रंग देऊन चित्र काढू द्यावे. ‘आईने सांगितले होते हळू जा, मी ऐकले नाही म्हणून झाले’ असा अपराधीपणा मुले मनात जपून ठेवतात; त्यावर ‘जाऊ दे, विसर’ हे उत्तर होत नाही. ‘तू वेगात होतास हे खरे आहे, आणि त्या वेगात कसे थांबायचे हे आम्ही तुला शिकवले नव्हते हेही खरे आहे’ असे दोन्ही बाजूंनी खरे बोलले, की त्याला ते पेलते.

पहिले काही आठवडे वाईट स्वप्ने, चिकटून राहणे, चिडचिड, अंथरुण ओले होणे, हॉर्नच्या आवाजाने दचकणे हे सर्व होऊ शकते आणि बहुतेक मुलांत ते हळूहळू ओसरते. एक महिना उलटूनही ते कमी होत नसेल, किंवा मूल शाळेची रिक्षा, जिना, खेळ अशा सायकलीशी संबंध नसलेल्या गोष्टीही टाळू लागले असेल, तर बालमानसतज्ज्ञांची भेट घ्यावी. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. या काळात सायकल विकू नये, लपवू नये, दुसऱ्या मुलाला देऊ नये. ती नजरेसमोरून नाहीशी झाली, की ‘ती खरोखरच धोकादायक होती’ असा अर्थ मूल काढते. शेजारच्या आर्यन-अनन्याचे उदाहरणही देऊ नये. ते पुन्हा सायकलवर बसले असतील तर हा त्यांचा आनंद आहे.

अपघाताचा पंचनामा

मूल शांत झाल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, त्याला बरोबर घेऊन पडण्याचे कारण शोधावे. हेतू दोष ठरवण्याचा नसावा, पोलीस पंचनामा करतात तसा जागेचा आणि वस्तूंचा असावा. त्या जागी पायी जावे. उतार किती आहे, वाळू पसरली आहे का, पेव्हर ब्लॉकवर शेवाळ आहे का, चेंबरचे झाकण खाली दबलेले आहे का, वळणावर खांबामुळे समोरचे दिसते का, हे मुलालाच पाहू द्यावे आणि त्यालाच वहीत लिहू द्यावे. ‘मी पडलो’ या वाक्याचे ‘उतार, ओली फरशी आणि एकच ब्रेक यांमुळे पडलो’ असे वाक्य झाले, की भीतीला आकार येतो आणि आकार असलेल्या गोष्टीवर काम करता येते. कारण सोसायटीच्या हाती असेल, उदाहरणार्थ रॅम्पवर आरसा किंवा पट्ट्या बसवणे, तर समितीला पत्र मुलाच्या हस्ताक्षरात द्यावे. आमच्याकडे आरसा यायला चार महिने लागले, पण तो आपल्यामुळे आला याचे तिला फार अप्रूप वाटले.

त्यानंतर सायकल दुकानात न्यावी, आणि मुलालाही न्यावे. पडलेल्या सायकलीचे चाक आऊट झालेले असते, म्हणजे फिरताना डगमगते, हँडल चाकाच्या रेषेत राहत नाही, ब्रेकची तार सैल होते, क्वचित पुढचे चाक धरणारा फोर्क वाकतो. फोर्क वाकला असेल तर तो ठोकून सरळ करून घेऊ नये, बदलावा. मिस्त्री चाकाचा आऊट काढत असताना मुलाने ते फिरते चाक पाहिले, ब्रेकचे रबर रिमला कसे चिकटते हे पाहिले, की त्याच्यासाठी ती पुन्हा एक साधी वस्तू होते. घरी परतल्यावर रोज बसण्यापूर्वी हवा, ब्रेक आणि चेन या तीन गोष्टी त्यानेच तपासायच्या, हा नियम त्याच दिवशी सुरू करावा.

सायकलीचे माप हा पुण्यातल्या मध्यमवर्गीय काटकसरीचा दुखरा भाग आहे. ‘दोन वर्षे तरी पुरली पाहिजे’ म्हणून मोठी सायकल घेतली जाते आणि मूल तिच्यावर टांगलेले राहते. नळी दोन पायांत घेऊन उभे राहिल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत आणि नळीच्या वर थोडी मोकळी जागा उरली पाहिजे. ब्रेकचा दांडा मुलाच्या बोटांनी सहज पूर्ण दाबला जातो का हेही पाहावे. लहान हातांना तो लांब पडतो आणि बहुतेक ब्रेकमध्ये एक छोटा स्क्रू फिरवून तो जवळ आणता येतो. अपघातानंतरच्या पहिल्या महिन्यात सीट इतकी खाली घ्यावी, की बसल्याजागी दोन्ही तळपाय पूर्ण टेकतील. त्यामुळे पेडल मारताना गुडघे जरा वर येतात, ते चालेल.

अपघातात आपटलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी पुन्हा वापरू नये, कारण आतला फोम एकदाच दबतो आणि परत फुगत नाही. नवीन घेताना ईएन १०७८ किंवा सीपीएससी यांपैकी एका मानकाची खूण आत छापलेली पाहावी. ते कपाळावर सरळ, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे. पट्टे कानाखाली इंग्रजी ‘व्ही’सारखे जुळावेत आणि हनुवटीखाली एक ते दोन बोटे जातील इतकेच सैल ठेवावेत. मागे सरकलेले हेल्मेट कपाळ उघडे ठेवते, आणि पडणारे मूल तर तोंडावरच पडते.

पायऱ्या

सरावासाठी वर्दळ नसलेली, सपाट, कोरडी जागा हवी. रविवारी सकाळी शाळेचे मैदान मिळाले तर उत्तम; नाहीतर सुट्टीच्या दिवशी सकाळी सात वाजता प्रभात रस्त्याच्या किंवा सहकारनगरच्या आतल्या गल्ल्या बऱ्यापैकी शांत असतात. आठवड्यातून तीन वेळा, वीस मिनिटे, आणि बरोबर एकच मोठे माणूस. दोन माणसे असली की दोन सूचना येतात. जो पालक स्वतः मुलापेक्षा जास्त घाबरलेला आहे त्याने काही दिवस घरीच थांबावे, ‘अगं सांभाळ!’ ही किंकाळी मुलाच्या कानात ब्रेकपेक्षा जोरात वाजते.

प्रत्येक वेळी सुरुवातीला मुलाने आपली भीती शून्य ते दहा यांपैकी एका आकड्यात सांगावी. आकडा सात-आठ असेल तर पायरी मोठी झाली, ती अर्धी करावी. तीन-चार असेल तर तेथेच थांबून पुन्हा पुन्हा करावे, आणि आकडा एक-दोनवर आल्यावरच पुढची पायरी घ्यावी. भीती असतानाही मूल त्या प्रसंगात थोडा वेळ टिकते आणि काही वाईट घडत नाही, हा अनुभव भीती उतरवतो. भीती वाढताच घरी परतलो तर परतल्यामुळेच सुटलो असे मन शिकते. म्हणून कठीण वाटल्यास एक पायरी मागे यावे, सोपी गोष्ट नीट करून मगच थांबावे. आइसक्रीमचे आमिष दाखवू नये. मी दाखवले, ती बसली, रडत एक फेरी मारली आणि पुढचे दोन आठवडे तिने आइसक्रीमही नको म्हटले.

पहिल्या दिवशी सायकलीवर बसायचेच नाही. मुलाने तिच्या डाव्या बाजूला उभे राहून ती चालवत न्यायची आणि आपण ‘थांब’ म्हटले की ब्रेक दाबायचा. आधी फक्त उजव्या हाताचा, मग फक्त डाव्या हाताचा, मग दोन्ही. कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा हे आपण सांगू नये, चाक अडल्यावर त्यालाच ओळखू द्यावे. पुढचा ब्रेक झटक्यात दाबल्यावर मागचे चाक कसे उचलले जाते, हे मोकळी सायकल पुढे ढकलून दाखवता येते. माझ्या मुलीला रॅम्पवर काय झाले ते त्या मिनिटात समजले आणि तिने ते स्वतःच्या हाताने वीस वेळा करून पाहिले.

दुसरी पायरी बसून, पण पेडल न मारता. सपाटीवर पायांनी जमीन ढकलत जायचे, दोन्ही ब्रेक हळूहळू वाढत्या दाबाने लावायचे आणि थांबल्यावर पाय टेकायचा. मुले थांबण्याआधीच पाय खाली घासतात. तसे झाले तर रागावू नये, ‘आधी बोटे, मग पाय’ एवढेच म्हणावे. तिसऱ्या पायरीला पेडल येते, आणि त्यातही ध्येय अंतर नसून थांबणे असते. खडूने जमिनीवर रेघ मारावी आणि पुढचे चाक तिच्यावर आणून थांबायला सांगावे. नंतर रेघ जवळ आणावी, नंतर वेग थोडा वाढवावा, नंतर रेघ न आखता अचानक हात वर करून थांबवावे. हा खेळ मुलांना मनापासून आवडतो आणि येथेच बहुतेकांची भीती गळून पडते. येथे आठवडा, पंधरवडा, जितके लागतील तितके दिवस द्यावेत. सीट धरून मागे धावायचे असेल तर सोडण्यापूर्वी सांगूनच सोडावे. न सांगता हात काढून घेण्याची आपली जुनी युक्ती पडलेल्या मुलावर वापरू नये, कारण त्याचा विश्वास आधीच एकदा फसलेला असतो.

त्यानंतर इंग्रजी आठच्या आकड्यात वळणे, एका हाताने सायकल सरळ ठेवून दुसऱ्या हाताने इशारा करणे, आणि सर्वांत अवघड म्हणजे हँडल न वळवता मान मागे वळवून पाहणे. या शेवटच्या कौशल्यासाठी आपण मागे उभे राहून बोटे दाखवावीत आणि किती बोटे ते मुलाने ओरडून सांगावे. जेथे ते पडले ती जागा सर्वांत शेवटी, पायी जाऊन, मग सायकल हातात धरून, मग उताराच्या खालच्या चार फुटांवरून, आणि मग थोडे थोडे वरून. रॅम्प रोजच्या वाहनांचा असेल तर तेथे सायकल चालवायचीच नाही, हातात धरूनच चढायची-उतरायची, असे ठरवले तरी हरकत नाही. आम्ही तसेच ठरवले. ही माघार नव्हे.

रस्ता

मोकळ्या जागेत पक्के झालेले मूल लगेच रस्त्याला तयार होत नाही. साधारण दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा एकत्र अंदाज नीट येत नाही, त्यामुळे या वयापर्यंत मोठ्या रस्त्यावर एकट्याने सायकल नकोच. दहानंतरही आधी तो रस्ता मुलाबरोबर चालत जावा आणि ‘येथे काय होऊ शकते?’ हे त्याला विचारत जावे. उत्तरे त्याच्याकडून आली, तर ती टिकतात.

आपल्या शहरातले धोके पाठ्यपुस्तकातल्यासारखे नसतात. सायकल डाव्या बाजूने चालवावी हे खरे, पण डाव्या बाजूलाच गाड्या लावलेल्या असतात आणि त्यांचे दरवाजे अचानक उघडतात. म्हणून त्यांच्यापासून एक मीटर अंतर ठेवायचे आणि आत माणूस बसलेला दिसला तर वेग कमी करायचा. उलट्या दिशेने येणारी दुचाकी दिसली, तर तिला चुकवायला रस्त्याच्या मध्यभागी जायचे नाही, डावीकडे थांबायचे. थांब्यावर उभ्या असलेल्या पीएमपीच्या बसच्या डावीकडून घुसायचे नाही, कारण तेथून प्रवासी उतरतात. सोसायटीच्या गेटमधून मागे येणारा पाण्याचा टँकर हा बाणेर-वाघोलीकडच्या मुलांसाठी वेगळा धडा आहे: चालकाचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, त्यामुळे तो पूर्ण थांबेपर्यंत सायकलीवरून उतरून कडेला उभे राहायचे. सायकल मार्ग काही रस्त्यांवर आहेत, पण मध्येच एखादी गाडी किंवा फ्लेक्सचा खांब येतो, आणि तेथून रस्त्यावर उतरण्याआधी मागे पाहण्याची ती बोटांची शिकवणी उपयोगी पडते. चौकात मात्र बारा वर्षांखालील मुलाने सरळ उतरावे आणि झेब्रा पट्ट्यांवरून सायकल हातात धरून चालत ओलांडावे.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, की मागे टाकलेली भीती काही दिवस परत येते, आणि तिचे म्हणणे बरोबरही असते: ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे निसरडी होतात, डबक्याखाली खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही. अशा दिवशी रेघेवर थांबण्याचा सराव मैदानावर ओल्या जमिनीत पुन्हा करून घ्यावा आणि थांबायला किती जास्त अंतर लागते ते पावलांनी मोजून दाखवावे. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास मांजाचा धोका असतो; त्या आठवड्यात पतंग उडवणाऱ्या मैदानांजवळ सायकल नेऊ नये.

मूल पुन्हा कधीतरी पडेल, हे गृहीत धरून त्याची तयारी आधीच करावी. सायकल सोडून आधी रस्त्याच्या कडेला यायचे, चप्पल किंवा दप्तर आणायला परत जायचे नाही, पोटाला किंवा डोक्याला लागले असेल तर ते आपणहून सांगायचे, आणि ओळखीच्या दुकानदाराला किंवा एखाद्या कुटुंबाला फोन लावायला सांगायचे. आईबाबांपैकी एकाचा क्रमांक पाठ असावा आणि हेल्मेटच्या आत चिकटपट्टीवर लिहिलेलाही असावा. माझ्या मुलीने आमच्या क्रमांकाच्या खाली, कोणी न सांगता, ‘दोन्ही ब्रेक’ असे लिहून ठेवले आहे.